फुटेजमधल्या पट्ट्या आणि फ्लिकर: आधी शटर बघा, मग दिवा, वायरमन सगळ्यात शेवटी

शॉर्टफिल्म करणाऱ्या मित्रांकडून मला सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात. "शूटच्या वेळी छोट्या मॉनिटरवर काही कळलं नाही, आता एडिटला बसलो तर मागच्या भिंतीवर काळ्या पट्ट्या वर सरकतायत." हा फोन दुसऱ्या दिवसाच्या शूटआधी आला तर काम सोपं असतं. पण लोकेशन सोडून आठवडा झालेला असतो, कलाकार आपापल्या गावी गेलेले असतात, तेव्हा ऐकताना जीव तुटतो. हा दोष मी इतक्यांदा निस्तरलाय की आता तपासायचा क्रम ठरून गेलाय. तोच इथे देतो. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच मिटतो.

लक्षणं

आधी तुमच्या फुटेजमध्ये नक्की काय दिसतंय ते ओळखा, कारण प्रत्येक लक्षण वेगळ्या दिशेला बोट दाखवतं.

रुंद, मऊ कडांच्या एक-दोन आडव्या काळपट पट्ट्या दिसत असतील, फिक्या भिंतीवर किंवा पांढऱ्या शर्टावर त्या उठून दिसत असतील, तर घरच्या विजेवर चालणारा दिवा आणि तुमचं शटर (प्रत्येक फ्रेमला सेन्सरवर किती वेळ उजेड पडतो ती सेटिंग) यांचं जुळलेलं नाही. जुन्या ट्यूबलाइटखाली याच पट्ट्यांना रंगही असतो, एक पिवळट आणि पुढची निळसर. ट्यूबच्या आतल्या लेपातले वेगवेगळे रंग कमी-जास्त वेगाने विझतात म्हणून असं होतं.

पट्टी नाही, पण अख्खी फ्रेम श्वास घेतल्यासारखी उजळते आणि मंदावते, सेकंदाला साधारण चार वेळा. हे सेकंदाला २४ फ्रेम्सवर शूट करणाऱ्यांचं हमखास लक्षण.

दोरा ओढल्यासारख्या बारीक, पुष्कळ रेघा एकाखाली एक. इथे गुन्हेगार जवळजवळ नेहमी डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करण्याची सोय, असतो. एलईडी पॅनल अर्ध्यावर आणलेलं, किंवा मागे लॅपटॉप नाहीतर टीव्हीचा स्क्रीन ब्राइटनेस कमी करून ठेवलेला.

नॉर्मल शॉट स्वच्छ आहेत, फक्त स्लो-मोशनमध्ये उजेड थरथरतोय. याचं उत्तर वेगळं आहे, खाली फ्रेम रेटच्या भागात येईल.

हे असं होतं तरी का

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. प्रत्येक आवर्तनात ती दोनदा शून्यावर येते, म्हणून साधा दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते जाणवत नाही, कॅमेऱ्याला जाणवतं. रहाटाच्या गाडग्यांसारखा उजेड खेपेखेपेने येतो असं समजा. एक खेप १० मिलीसेकंदांची. शटर १/५० असेल तर ते २० मिलीसेकंद उघडं राहतं आणि प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन भरलेली गाडगी मिळतात. १/१०० ठेवलं तर एक. पण शटर १/६० असलं की एक भरलेलं आणि एक अर्धवट गाडगं वाट्याला येतं. कुणाला जास्त, कुणाला कमी. तो फरक म्हणजे फ्लिकर.

पट्ट्या का पडतात? बहुतेक कॅमेरे आणि सगळे मोबाइल सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतात. वरच्या ओळीला उजेडाची एक घडी मिळते, खालच्या ओळीला दुसरी. सेन्सर वाचायला २० मिलीसेकंद लागत असतील तर त्या वेळात दोन खेपा येऊन जातात, म्हणून फ्रेममध्ये दोन पट्ट्या. डिमरचा दिवा सेकंदाला ५०० वेळा बंद-चालू होत असेल तर दहा. म्हणूनच पट्ट्या मोजायची सवय लावा. संख्येवरून दोष मेन्सचा (घरच्या विजेचा) की डिमरचा ते पटकन कळतं.

पहिली तपासणी: हा खरंच फ्लिकर आहे का?

आधी वर बघा. ट्यूबच्या खाली छताचा पंखा फिरत असेल तर पात्यांची सावली भिंतीवर फडफडते आणि फुटेजमध्ये ती हुबेहूब फ्लिकरसारखी दिसते. पंखा बंद करून दहा सेकंद रेकॉर्ड करा. उकाडा सोसावा लागेल, पण तसंही साउंडवाला पंखा बंदच करायला सांगणार आहे.

मग ऑटो एक्स्पोजर, ऑटो आयएसओ आणि ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. पात्र पांढऱ्या साडीत फ्रेममध्ये आलं की कॅमेरा आपणहून काळवंडतो आणि ते गेलं की उजळतो. तो संथ बदल फ्लिकर नव्हे.

तिसरं, एडिटची टाइमलाइन. २५ ने घेतलेलं फुटेज २४ च्या टाइमलाइनवर टाकलं की हालचालीला झटके बसतात आणि बघणारा त्यालाच फ्लिकर म्हणतो. एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. उजेड बदलत नसून हालचाल अडखळत असेल तर दोष टाइमलाइनमध्ये आहे.

दुसरी तपासणी: शटर

मी सांगतो त्यातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. शटर १/५० करा. तेवढंच. २५ फ्रेम्स असोत, २४ असोत वा ३०, भारतात मेन्सच्या उजेडाखाली १/५० सुरक्षित. कॅमेऱ्यात शटर अंशांमध्ये असेल तर २५ फ्रेम्सना १८० अंश, २४ ला १७२.८ अंश आणि ३० ला २१६ अंश ठेवा.

फिल्म स्कूलमधून आलेली मुलं इथेच अडकतात. "शटर १८० अंशच हवं" हा नियम त्यांनी पाठ केलेला असतो. २४ फ्रेम्सवर १८० अंश म्हणजे १/४८, म्हणजे २०.८ मिलीसेकंद. दोन खेपा पूर्ण होऊन वर थोडा तुकडा उरतो. त्या तुकड्याने दर फ्रेमला उजेड किंचित बदलतो, आणि सहा फ्रेम्सनंतर तेच चक्र पुन्हा सुरू होतं. सेकंदाला चार वेळा श्वास घेणारी फ्रेम ती हीच. १७२.८ आणि १८० यांतला मोशन ब्लरचा फरक थिएटरच्या पडद्यावरही कुणाला सांगता येणार नाही, त्यामुळे बिनधास्त बदला. ब्लॅकमॅजिकच्या पॉकेट सिनेमा कॅमेऱ्यात सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडलं की फ्लिकर न येणारे शटरचे आकडे तो स्वतः सुचवतो. ती सोय जरूर वापरा.

उजेड जास्त झाला म्हणून शटर १/२०० ला नेणं ही सगळ्यात नेहमीची चूक. खिडकीतून ऊन येतंय, आत ट्यूब चालू आहे, फ्रेम जळतेय आणि हातात एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काच) नाही. अशा वेळी अॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान करा, आयएसओ उतरवा, खिडकीला पडदा किंवा बटर पेपर लावा, पण शटरला हात लावू नका. सगळे उपाय संपलेच तर १/१०० चालेल. त्यात हालचाल थोडी तुटक दिसते, आणि एक धोकाही आहे. तो मला एका शाळेत कळला.

वाई तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शूट होतं. वर्गात चार ट्यूब, खिडकीतून दुपारचं ऊन, शटर १/१००. पुढच्या बाकांवरची मुलं स्वच्छ आणि मागच्या भिंतीवर, फळ्याच्या बाजूला, एक पट्टी. नियमाने १/१०० ला काहीच यायला नको होतं. एकेक ट्यूब बंद करत गेलो तेव्हा कळलं की भिंतीजवळची ट्यूब म्हातारी झाली होती, तिची दोन्ही टोकं काजळीसारखी काळी पडलेली. अशी ट्यूब विजेच्या एका अर्ध्या फेरीत जास्त पेटते आणि दुसऱ्या अर्ध्या फेरीत कमी. म्हणजे ती सेकंदाला १०० नव्हे, ५० वेळा उजळत होती आणि १/१०० च्या वाट्याला कधी मोठं गाडगं, कधी छोटं. शटर १/५० केलं, अॅपर्चर एक स्टॉप लहान केलं, पट्टी गेली. तेव्हापासून १/१०० हा माझा पहिला पर्याय कधीच नसतो. स्वस्तातल्या एलईडी माळांचंही हेच, गणपतीच्या मखरात लावतात त्या. त्यांतल्या कित्येक विजेच्या अर्ध्याच फेरीत पेटतात आणि त्यांना १/५० च लागतं.

तिसरी तपासणी: पाल, एनटीएससी आणि फ्रेम रेट

कॅमेऱ्यात १/५० शटर किंवा २५ फ्रेम्सचा पर्यायच सापडत नाही? मग कॅमेरा बहुधा एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांच्या व्हिडिओ पद्धतीवर आहे. अमेरिकेहून मामा-काकांनी आणलेले कॅमेरे असेच येतात. मेनूत जाऊन पाल, म्हणजे आपल्याकडची ५० हर्ट्झची पद्धत, करा. आधी कार्डावरचं सगळं उतरवून घ्या, कारण काही मॉडेल्स हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला लावतात. काही जुन्या मॉडेल्समध्ये पाल केलं की २४ चा पर्याय जातो, तेही लक्षात ठेवा.

मोबाइलवर शूट करत असाल तर मूळ कॅमेरा अॅपवर विसंबू नका. ते शटर स्वतः ठरवतं आणि उजेड वाढला की न सांगता पळवतं. शटर लॉक करता येईल असं अॅप घ्या. ब्लॅकमॅजिकचं फुकट आहे. आयफोनच्या मूळ अॅपमध्ये २५ फ्रेम्स दिसत नसतील तर कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण आहे, ते चालू करा.

२४ की २५? माझं मत स्पष्ट आहे. फिल्म यूट्यूबला किंवा वेबवर जाणार असेल आणि घरातल्या दिव्यांखाली शूट असेल तर २५. १०० खेपांना २५ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे शटर चुकलं तरी पट्टी एका जागी उभी राहते आणि नंतर निदान दुरुस्तीची आशा उरते. फेस्टिव्हल किंवा थिएटरसाठी डीसीपी (थिएटरात दाखवायची डिजिटल प्रत) करायची असेल तर २४ घ्या आणि शटर १/५० वर बांधून ठेवा.

आता स्लो-मोशन. १२० फ्रेम्सवर एका फ्रेमला जास्तीत जास्त ८.३ मिलीसेकंद मिळतात, आणि उजेडाची एक खेप १० ची. एक गाडगंसुद्धा पूर्ण मिळत नाही, त्यामुळे कुठलंच शटर तुम्हाला वाचवू शकत नाही. ट्यूबखाली स्लो-मोशन हवंच असेल तर १०० फ्रेम्स आणि १/१०० शटर, किंवा ५० फ्रेम्स आणि १/५०. त्यापुढे जायचं तर ऊन, मोठे टंगस्टन दिवे किंवा बॅटरीवरचे चांगले एलईडी. टंगस्टनची जाड तार इतक्या कमी वेळात थंड होत नाही म्हणून तिचा उजेड जवळजवळ सलग राहतो. घरगुती ६० वॅटच्या बल्बची तार बारीक असते, तिच्यावर तेवढा भरवसा नको.

चौथी तपासणी: डिमर

बारीक रेघा असतील तर इथूनच सुरुवात करा. एलईडी पॅनल पूर्ण १०० टक्क्यांवर न्या. रेघा गेल्या? मग हा डिमर एलईडी वेगाने बंद-चालू करून उजेड कमी करतो. उजेड जास्त वाटत असेल तर पॅनल मागे न्या, बटर पेपरचा आणखी एक थर लावा, थर्माकोलवर बाउन्स करा. डिमरशिवायही उजेड कमी करता येतो, पूर्वी सगळं असंच व्हायचं. लॅपटॉप आणि टीव्ही फ्रेममध्ये असतील तर त्यांचाही ब्राइटनेस पूर्ण करा. घरातल्या डिमरच्या बल्बचंही तेच.

रेघा तरीही राहिल्या तर शटर बारीक पायऱ्यांनी फिरवता येतं का बघा. पॅनासॉनिकमध्ये त्याला सिंक्रो स्कॅन म्हणतात, कॅननच्या सिनेमा कॅमेऱ्यांत क्लिअर स्कॅन. १/५० च्या आसपास आकडा हळूहळू सरकवत रेघा फिक्या होतात तिथे थांबा.

पाचवी तपासणी: गुन्हेगार दिवा शोधणे

सगळे दिवे बंद करा. एकेक लावा आणि प्रत्येकाखाली दहा सेकंद रेकॉर्ड करा, शटर मुद्दाम १/५०० ठेवून. इतक्या वेगात वाईट दिवा लपूच शकत नाही. मोबाइलचं स्लो-मोशनही चालतं.

काहीच हाताशी नसेल तर स्टीलचा चमचा घ्या. मागे काळं काहीतरी ठेवून दिव्याखाली तो हातपंख्यासारखा जोरात हलवा. उजेड सलग असेल तर चमच्याचा एक धूसर पट्टा दिसतो. तुटक असेल तर सुटे सुटे चमचे दिसतात, हातात पाच-सहा धरल्यासारखे. रेकीला, म्हणजे शूटआधी लोकेशन बघायला, जाताना मी हे हमखास करतो. घरमालकाला काय चाललंय कळत नाही, पण लोकेशनचं अर्धं उत्तर मिळतं.

दिवा सापडला की तो बदला. जुन्या फिटिंगमधली ट्यूब, त्यातला लोखंडी चोक आणि स्टार्टर, हे सगळं काढून इलेक्ट्रॉनिक चोकचं फिटिंग लावलं की प्रश्न सुटतो, कारण तो चोक ट्यूब सेकंदाला हजारो वेळा पेटवतो. स्वस्तातला एलईडी बल्ब बदलून बरा घ्या. दुकानात मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये बघूनच घ्या, डब्यावर काय छापलंय त्यावर जाऊ नका. आणि दिवा बदलणं शक्यच नसेल, समजा बँकेची शाखा किंवा एसटी स्टँड, तर जिथे जमेल तिथे तो बंद करवा किंवा फ्रेमबाहेर ठेवा आणि पात्रांवर तुमचा चांगला दिवा इतका आणा की वाईटाचा वाटा कमी होईल. पट्टी मागे फिकी राहील, चेहऱ्यावर येणार नाही.

सहावी तपासणी: वीज कुठून येतेय

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गावाकडे पट्टी आली की "लाइट कमी-जास्त होतेय" म्हणून महावितरणवर खापर फुटतं. व्होल्टेज पडतं हे खरं, संध्याकाळी विहिरीवरच्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मंदावतात. पण फ्रिक्वेन्सी देशभराच्या ग्रिडची एकच असते, आणि ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या दरम्यान ठेवायचा नियम आहे. एवढ्या फरकाने १/५० बिघडत नाही. व्होल्टेज पडल्याने उजेड हळू उतरतो किंवा एकदम लुकलुकतो, सारख्या अंतराने पट्ट्या पडत नाहीत.

जनरेटरची गोष्ट वेगळी. छोटा पेट्रोल जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेतो तेव्हा ५० हर्ट्झ मिळतात. त्यावर मोठा दिवा टाकला की इंजिन दबतं, फेरे उतरतात आणि फ्रिक्वेन्सी ४८ वर येऊ शकते. शूटभर सगळं नीट होतं आणि हजार वॅटचा दिवा लावल्यावर पट्टी संथपणे सरकायला लागली, तर हेच कारण. सॉकेटमध्ये खोचायचं, फ्रिक्वेन्सी दाखवणारं मीटर जवळ ठेवा. ४८ दिसत असेल तर शटर १/४८ करा. त्याहून चांगलं म्हणजे भाड्याने घेताना इन्व्हर्टर पद्धतीचा जनरेटर मागा. तो फ्रिक्वेन्सी इंजिनाच्या फेऱ्यांवर सोडत नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

बल्ब आणि स्टार्टर बदलणं, मेन स्विच बंद करून ट्यूब काढणं, इतपत तुमचं काम. त्यापुढे नाही.

चोक बदलायचा, ट्यूबच्या फिटिंगची वायर सोडायची, डीबी (घरातला फ्यूज-स्विचचा मुख्य बोर्ड) उघडायची किंवा मीटरजवळून वेगळी लाइन ओढायची तर परवानाधारक वायरमन बोलवा. सॉकेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, बोर्ड गरम लागत असेल, जळका वास येत असेल तर शूट तिथेच थांबवा. खांबावरून आकडा टाकून दिवे लावायचा सल्ला कुणी दिला तर ते लोकेशन सोडा. एलईडी पॅनलचा पॉवर सप्लाय उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. एचएमआय (शूटिंगचा मोठा, प्रखर दिवा) पेटताना त्याला वीज पुरवणारा खोका, म्हणजे बॅलास्ट, हजारो व्होल्टचा झटका देतो, तो फक्त गॅफर (लाइटिंगचा प्रमुख) आणि त्याच्या लाइट दादांनीच हाताळायचा. तुम्ही एवढंच विचारा की बॅलास्ट फ्लिकर-फ्री मोडवर आहे का. त्या मोडवर बॅलास्ट गुणगुणतो, म्हणून साउंडवाल्याला आधी सांगा आणि बॅलास्ट लांब ठेवायला लावा.

कॅमेऱ्याचीही एक हद्द आहे. भर उन्हात, एकही दिवा नसताना, पट्टी त्याच जागी दिसत असेल, किंवा लेन्सला झाकण लावूनही दिसत असेल, तर सेन्सर किंवा त्यामागचं सर्किट बिघडलंय. सर्व्हिस सेंटरशिवाय त्याला उपाय नाही.

शूट होऊन गेलंय, आता काय?

दा विंची रिझॉल्व्हच्या पैसे देऊन घ्यायच्या स्टुडिओ आवृत्तीत डीफ्लिकर आहे, त्यात ट्यूबलाइटसाठी वेगळी निवड आहे. ट्रायपॉडवरचा स्थिर शॉट आणि अख्खी फ्रेम श्वास घेतेय, अशा दोषावर ते चांगलं काम करतं. सरकणाऱ्या पट्ट्या आणि त्यातून चालणारी माणसं असली की चेहऱ्याभोवती छाया उरते. ब्लॅक अँड व्हाइट केल्याने पट्टीचा रंग जातो, पट्टी राहते, त्यामुळे त्या मोहात पडू नका.

पुन्हा शूट करायची वेळ आलीच तर सगळा सीन करू नका. मोठ्या स्क्रीनवर सगळे शॉट लावा आणि पट्टी कुठे खरंच खुपते ते लिहून काढा. बहुतेकदा मागे फिकी भिंत असलेले दोन-तीन वाइड शॉट निघतात. क्लोजअपमध्ये मागचं धूसर झाल्याने पट्टी विरून जाते आणि ते वाचतात. तेवढ्या वाइड शॉटसाठी अर्धा दिवस मागून घ्या, आणि कलाकार यायच्या आधी त्याच दिव्याखाली, ठरलेल्या शटरवर वीस सेकंद रेकॉर्ड करून लॅपटॉपवर बघून घ्या.